साबणाशेजारची ट्यूब

सुमे, जवळ ये अशी. आणखी जवळ सरक. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. तू तिकडं सातपूरला, मी इथं पंचवटीत, म्हणून कागदावर लिहावं लागतंय. पण तू समोर मांडी घालून बसली आहेस असं धरूनच लिहिते. तुझी आत्या शाळेत गेलेली नाही. अक्षरं मी लेकाच्या पुस्तकातून शिकले, तो अभ्यास करायचा आणि मी भाकरी थापता थापता डोकावायची. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

शहाणी ना तू? मग मला न विचारता द्राक्षाच्या शेडवर नाव कसं घातलंस? तुझा बाप परवा सांगत आला, "अक्का, सुमीला यंदा काम लागलं. आधी डिपिंग, मग पॅकिंग." खुशीत होता. माझं तोंड पाहून म्हणाला, "तू भांडून काम घालवलंस म्हणून तिनंही जाऊ नये काय?"  भांडून घालवलं असं त्याला मीच वाटू दिलं होतं. खरं काय झालं ते सांगायची लाज वाटायची. लाज कुणाला वाटायला पाहिजे होती आणि वाटली कुणाला, ते बघ आता.

शेड दिंडोरी रोडला होती, शहर संपून बागा लागतात तिथं. नव्वदचं दशक अर्धं उलटलं असेल. आपल्याकडची द्राक्षं परदेशी जायला लागली होती आणि त्यांच्यामागून नियम आले होते. बांगड्या काढा. डोक्याला टोपी घाला. नखं कापा. घड देठानंच उचला, मण्याला बोट लावू नका, वरची लव पुसली जाते. आणि सकाळी आत जायच्या आधी रांगेत उभं राहून हात दाखवा. आधी तळवे, मग पालथे.

चाळीस बायका असू आम्ही. रोज मुकादमीण बघायची. त्या दिवशी मालकीणबाई स्वतः आल्या. त्यांना सगळ्या वहिनी म्हणायच्या. गंगापूर रोडला बंगला, स्वतः गाडी चालवत यायच्या, कॉलेज शिकलेल्या. कुणाला शिवी द्यायच्या नाहीत. दिवाळीला आम्हाला फराळाचा डबा. हे आधीच सांगते, नाहीतर तुला वाटेल राक्षसीण होती. राक्षसीण परवडली असती. राक्षसिणीचं कुणी ऐकत नाही.

माझी पाळी आली. मी तळवे दाखवले.

"पालथे कर."

मी केले नाहीत.

वहिनींच्या हातात हजेरीची पेन्सिल होती. त्या पेन्सिलीच्या टोकानं त्यांनी माझा हात उलटा केला. रस्त्यात मेलेला उंदीर काडीनं उलटतात, तसा.

हात कसा होता ते सांगते. मनगटापासून बोटाच्या पेरांपर्यंत लाल. कातडी जाड झालेली, आणि जाड असून भेगाळलेली. बोटांच्या बेचक्यातून पाणी सुटायचं. रात्री खाजवून खाजवून खपल्या निघालेल्या. मलाच बघवत नसे.

"हे काय गं? महारोग आहे का तुला?"

"नाही वहिनी. खाज आहे. लहानपणापासनं."

"आणि असे हात मालाला लावतेस?"

 वहिनी मुकादमिणीकडं वळल्या. आवाज चढवला नाही. अगदी घरात डाळ नासली असं सांगतात तसं म्हणाल्या, "यांच्या वस्तीत अंघोळीची सवय नसते, त्यातून होतं हे. हिचा कप वेगळा ठेव." आणि ती पेन्सिल त्यांनी कचऱ्याच्या पाटीत टाकली. नवी पेन्सिल होती.

मी पहाटे चारला उठून गार पाण्यानं अंघोळ करून निघायची, सुमे. वस्तीतल्या नळाला चारलाच पाणी यायचं.

त्या दिवशी मला आत घेतलं नाही, आणि आम्हाला आणणारा टेम्पो संध्याकाळीच परत जायचा. तोवर मी शेडच्या मागं बसले, जिथं फुटके मणी आणि नाकारलेले घड टाकायचे तिथं. माश्या घोंगावत होत्या. जेवायच्या सुट्टीत बायका बाहेर आल्या. माझ्या अंगावरून नजर अशी गेली त्यांची, जशी भिंतीवरून जाते. एक हिरा तेवढी आली. हिरा पेठकडची, डोंगरातली, माझ्यासारखीच एकटी राबणारी.

"खा," म्हणाली. "भाकरीतून रोग नाय लागत."

बोलली तशी. पण भाकरी तिनं वरून टाकली माझ्या पदरात. हाताला हात लागू दिला नाही.

आता हे हात असे झाले कशानं, ते ऐक. लहानपणापासून मला कोपराच्या वळीत, गुडघ्यामागं खाज होती. आई करंजाचं तेल लावायची. थंडीत वाढायचं, पावसाळ्यात कमी व्हायचं. तुझ्या कोपरातही तसंच होतं, तू तीन वर्षांची असताना. मी पाहिलंय. आपल्या घरची कातडीच तशी आहे, म्हणून तर जीव तोडून लिहिते आहे.

पण हातावर कधी नव्हतं. हातावर आलं ते डिपिंगनं. म्हणजे काय, तर मणी ज्वारीएवढे झाले की प्रत्येक घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा. मणी लांब व्हावेत, फुगावेत, म्हणून. एका हातात औषधाचा मग, दुसऱ्या हातानं घड मगात धरायचा, हलवायचा, सोडायचा. पुढचा घड. सकाळपासून ऊन तापेपर्यंत. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. त्या पाण्यात काय काय कालवायचे ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मालकाचा माणूस कालवायचा तेव्हा त्याच्या तोंडाला रुमाल असायचा. आमच्या हाताला काही नसायचं. पहिल्या वर्षी चुरचुरलं. दुसऱ्या वर्षी पुरळ. तिसऱ्या वर्षी हात गेले.

डिसेंबरात त्यांच्याच पाण्यात हात घालायचे, आणि फेब्रुवारीत त्यांनीच विचारायचं, हे काय गं. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी घाण आहे.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. हातात एक ट्यूब.

"हे लाव. आठ दिवसांत हात लोण्यासारखे होतील."

आठ दिवस कशाला, चौथ्या दिवशी लाली गेली. खाज गेली. तीन वर्षांची हातांची खाज, सुमे, जी मला झोपू देत नव्हती, ती चार दिवसांत अशी गेली की मी उठून बसले आणि रडले. आणि पुढचं सांगताना माझी जीभ जड होते, पण सांगते. मी वहिनींच्या पाया पडले. सगळ्यांदेखत. ज्या बाईनं मला पेन्सिलीनं उलटं केलं तिच्या पायांवर मी डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाल्या, "अगं, राहू दे. हात स्वच्छ ठेव म्हणजे झालं."

तो अपमान पहिल्यापेक्षा मोठा. पहिला त्यांनी केला. हा मी स्वतःचा केला.

मग ती ट्यूब शेडचीच झाली. हात धुवायच्या टाकीवर दोरीला साबण लटकवलेला असायचा. त्याच्याशेजारी दुसऱ्या दोरीला ट्यूब. संपली की नवी यायची. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नव्हता, गोळीबिस्किटासारखी द्यायचा. मुकादमीण रांगेच्या आधी ओरडायची, "साबण लावा, ट्यूब लावा, चला." ज्यांच्या हाताला काही झालं होतं त्याही लावायच्या, ज्यांना काही नव्हतं त्याही. आम्हाला ते हात धुण्याचाच भाग वाटायला लागला. आधी साबण, मग ट्यूब, मग टोपी. औषध आहे हे विसरूनच गेलो. कुणी तोंडाला लावायला लागल्या. त्यानं उजळतं असं निघालं. लग्नाच्या पोरी घरी चिमूटभर कागदात बांधून न्यायच्या. मीच हिराला शिकवलं, "गालाला लाव, वांगाचे डाग जातात." डाग गेले. वर्षभर हिरा आरशासमोरून हलत नव्हती. पुढं तिचा चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल राहायला लागला, गालावर लव उगवली, बारीक पुटकुळ्या आल्या. लावणं थांबवलं की आग व्हायची, म्हणून परत लावायची.

ते माझ्या हातानं झालं. तेही लिहून ठेवते.

सहा-सात हंगाम असे गेले. खाज आली की ट्यूब. आधी चार दिवसांत जायची, मग आठ लागायला लागले, मग पंधरा. मग लावलं तरच बरं, एक दिवस चुकलं की दुप्पट. आणि कातडी पातळ होत चालली. पालथ्या हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. आतल्या शिरा दिसायच्या. टोपलीची काडी घासली तरी निळं व्हायचं. मी म्हणायची, वय झालं. चाळीसही नव्हतं झालं.

एकदा पॅकिंग चालू होतं. डब्यावरची चिकटपट्टी माझ्या हाताच्या मागं चिकटली. मी ओढली. पट्टीबरोबर कातडी आली. रुपयाएवढी. रक्त पांढऱ्या कागदावर, हिरव्या घडावर. मी हात पोटाशी धरला.

वहिनी धावत आल्या. घडाकडं बघितलं. माझ्याकडं नाही, घडाकडं.

"माल बघायला पाहुणे उभे आहेत बाहेर, आणि तू हे करतेस? हिला पॅकिंगला नको. डिपिंगला ठेवा हिला पुढच्या वेळी. तिथं कोण बघतंय."

सुमे, त्या वाक्यानं मी जागी झाले असं सांगितलं तर खोटं होईल. मी तेव्हा फडकं बांधलं आणि घरी गेले. पण ते वाक्य माझ्यात राहिलं, कुसळ राहतं तसं. तिथं कोण बघतंय. म्हणजे हात सडवायला चालतील. दाखवायला चालणार नाहीत.

उन्हाळ्यात हात इतके चिघळले की भांडी घासता येईनात. लेक म्हणाला, सरकारी दवाखान्यात चल. कातडीच्या ओपीडीची रांग ही एवढी. दोनदा परत आले. तिसऱ्यांदा नंबर लागला. डॉक्टरीण तरुण होती, बोलण्यात मराठवाड्याकडचा हेल. मी सवयीनं हात पदराखाली धरले होते.

"काढा की मावशी. मी हातच बघायला बसलेय."

मी काढले. आणि तिनं माझा हात हातात घेतला. आपल्या दोन्ही हातांनी, उघड्या. अंगठ्यानं कातडी दाबून बघितली, बोटं फाकवून बेचकं बघितलं. दहा वर्षांत माझ्या हाताला कुणी असा हात लावला नव्हता.  मी म्हणाले, "बाई, महारोग आहे. धुऊन घ्या नंतर."

तिनं मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"मालकीणबाई म्हणाल्या."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही. बागाईतदार आहेत."

"मग त्यांना द्राक्षाचं विचारा. हा एक्झिमा आहे. इसब म्हणतात तेच. लागट नाही. कुणाला होणार नाही तुमच्यापासून. घाणीनं होत नाही, अंघोळ न केल्यानं होत नाही. काय लावता?"

मी पिशवीतून ट्यूब काढून दिली. तिनं वाचली आणि टेबलावर ठेवली, पालथी.

"किती दिवस?"

"सहा-सात वर्षं."

 मग तिनं सगळं समजावून सांगितलं, मला कळेल असं. या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. ते वाईट नाही, डॉक्टरनं सांगितलं तेवढे दिवस लावलं तर कामाचं आहे. पण वर्षानुवर्षं, साबणासारखं लावलं की कातडी खाऊन टाकतं. तेच झालंय. आता स्टेरॉइड नसलेलं एक मलम आलंय. त्यानं कातडी पातळ होत नाही, म्हणून पुष्कळ दिवस लावता येतं. पहिले काही दिवस आग होईल, लावल्यावर मिरची चोळल्यासारखी. घाबरून सोडायचं नाही. पू झाला, ताप आला तर लावायचं नाही, इकडं यायचं. उन्हात हात झाकायचे. दिवसातून चार वेळा साधं पांढरं व्हॅसलिन. आणि बरं वाटलं तरी एकदम बंद करायचं नाही, आठवड्यातून दोनदा त्याच जागी लावत राहायचं. मधूनमधून येऊन दाखवायचं.

"मग जाईल ना कायमचं?" मी विचारलं.

"नाही मावशी. जाणार नाही. ताब्यात राहील."

मला ते आवडलं, सुमे. आठ दिवसांत लोणी म्हणणाऱ्यांचं मी बघितलं होतं. ही पहिली बाई, जिनं मला नाही म्हणून सांगितलं, तोंडावर, आणि तरी हात सोडला नाही.

निघताना तिनं विचारलं, काम काय करता. मी डिपिंगचं सांगितलं. मग कसा धरायचा, पाणी कसं ओघळतं, सगळं. ती म्हणाली, "औषध मी देते. पण त्या बादलीत रोज हात घालाल तर माझं मलम काय करणार? आतून सुती आणि वरून रबरी, असे हातमोजे पाहिजेत. ते द्यायचं काम मालकाचं आहे."

मालकाचं आहे. इतकी साधी गोष्ट. मला तोवर कुणी सांगितली नव्हती.

पुढचा महिना विचारू नकोस. जुनी ट्यूब तिनं सांगितल्याप्रमाणं कमी करत थांबवली, तर हात उसळून आले. आणि नवं मलम लावलं की आग. हरभऱ्याएवढं घ्यायचं आणि बोटाच्या बेचक्यात लावायचं, की मी चुलीतून हात काढल्यासारखी घरभर फिरायची. महागही होतं, ते लपवत नाही. शेजारणी म्हणायच्या, "बाई, हे औषध नाही, तेजाब आहे. जुनं काय वाईट होतं?" जुनी ट्यूब फळीवर होती. हात पुढं जायचा. एका रात्री टोपण काढलं होतं मी. हिराचं तोंड आठवलं आणि टोपण परत लावलं. सकाळी ती ट्यूब गटारात टाकली.

दहाव्या-बाराव्या दिवशी आग कमी झाली. महिन्यानं बेचकी सुकली. तीन महिन्यांनी पालथा हात हाताला लावून बघितला, तर कातडी कातडीसारखी लागली. गुळगुळीत नाही, जुन्या लुगड्यासारखी, पण टिकाऊ. हिरा बघायला आली. बोट लावून बघितलं तिनं, स्वतःहून.

"तुझं हात तर बाईच्या हातावाणी झालं," म्हणाली.

"आधी कशासारखे होते?"

"आधी काय, पालीच्या पोटावाणी."

दोघी हसलो. मग मी तिला दवाखान्यात घेऊन गेले, ओढत. तिचा चेहरा सावरायला दोन वर्षं लागली. पुरता नाहीच सावरला.

डिसेंबरात डिपिंग सुरू झालं आणि टेम्पो वस्तीत आला. मी चढले. पोट कुणाला चुकलंय. पण या वेळी मी ठरवून चढले होते, हातमोजे मागायचे.

त्या दिवशी वहिनींबरोबर चार-पाच बायका आल्या होत्या, गंगापूर रोडच्या त्यांच्या मैत्रिणी, बाग बघायला. गॉगल, टोप्या, हातात उसाच्या रसाचे ग्लास. आम्ही हातात मग घेऊन उभ्या होतो. वहिनींची नजर माझ्या हातांवर गेली. थांबल्या. आल्या. आणि माझा हात त्यांनी हातात घेतला. हो, हातानं. मैत्रिणींना दाखवायला.

"ही बघा. हिचे हात बघवत नव्हते पूर्वी. मी ट्यूब देत राहिले, देत राहिले. अज्ञान असतं गं यांच्यात, पण आपण माया लावली की सुधारतात."

एक मैत्रीण म्हणाली, "किती करतेस तू यांच्यासाठी."

वहिनींनी पर्समधून नवी ट्यूब काढली, माझ्या हातात दिली, आणि मुकादमिणीला म्हणाल्या, "चला, बादल्या भरा."

मी हात सोडवून घेतला. ट्यूब परत दिली. त्यांनी धरली नाही, म्हणून त्यांच्या पायाशी मातीत ठेवली.

"वहिनी, हे हात तुमच्या ट्यूबनं बरे नाही झाले. तुमच्या ट्यूबनं सोलले गेले. तुमच्या बादलीनं बिघडले. बरे केले सरकारी दवाखान्यातल्या बाईनं."

 मुकादमीण माझा पदर ओढत होती.

"मला हातमोजे पाहिजेत. या सगळ्यांना पाहिजेत."

वहिनी हसल्या. अजून हसतच होत्या, मैत्रिणी होत्या ना. "अगं, हातमोज्यांनी मणी गळतात. बोटाला जे कळतं ते रबराला कळत नाही. किती नाजूक असतो माल, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मण्याची कातडी जपता तुम्ही. लव पुसली जाऊ नये म्हणून देठाला धरायला लावता. आमच्या कातडीला कुठं धरायचं, ते सांगा."

"काय बोलतेस तू?"

"मग तुम्ही घाला हात. एकदाच. हा मग, ही बादली. कोपरापर्यंत घाला, आणि पाण्यानं धुवू नका संध्याकाळपर्यंत."

मी बादली उचलून त्यांच्यासमोर ठेवली. वहिनी मागं सरकल्या. दोन पावलं. साडी सावरून. सगळ्या बायकांनी बघितलं ते. चाळीस जणींनी. त्या पाण्यात काय आहे ते त्यांना माहीत होतं, हे त्या दोन पावलांनी सांगितलं. इतकी वर्षं माहीत होतं.

मग त्यांचा आवाज बदलला. "उद्यापासून येऊ नकोस."

"आजपासूनच नाही येत."

मी हातातला मग उलटा करून ठेवला आणि चालायला लागले. मला वाटलं, मागून कुणीतरी येईल. एक तरी. कुणी आलं नाही. हिरासुद्धा नाही. तिनं मान खाली घातली आणि पहिला घड मगात बुडवला. तिच्या घरी तीन तोंडं होती, मी तिला दोष देत नाही. पण त्या रस्त्यावर मी एकटी चालले, नाक्यापर्यंत, हे खोटं कशाला सांगू.

लोक म्हणतात, सोडून दे आता, वहिनी म्हाताऱ्या झाल्या, देवदेव करतात, वाईट नव्हत्या मनानं. नसतील. मला त्यांच्या मनाचं काय करायचंय. माझा राग आटलेला नाही आणि मी तो आटू देणार नाही. मलम लावते तशी आठवड्यातून दोनदा मी तो आठवते, म्हणजे उसळतही नाही आणि विसरतही नाही. थंडीत हात अजून कुरबुर करतात. दाखवून येते, मलम लावते, ताब्यात ठेवते. पंचवटीच्या बाजारात भाजी विकते, मेथीच्या जुड्या याच हातांनी बांधते. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, हाताला काय झालंय? पिशवीत तुम्ही नका टाकू." मी म्हणाले, "इसब आहे, लागत नाही. मेथी पाहिजे तर याच हातातनं मिळेल, नाहीतर पुढं जा." गेलं पुढं. जाऊ दे.

आणि सकाळी मी पेठ नाक्यावर असते, हंगामात. डोंगरातल्या बायका तिथं उतरतात, गाठोडी घेऊन, पोरं काखेत घेऊन, आणि टेम्पोवाले त्यांना मोजून भरतात. मी एकेकीजवळ जाते. सांगते, बादलीत उघडा हात घालू नको. हातमोजे माग. ट्यूब फुकट दिली तर घेऊ नको, दवाखान्यात जा, कुठल्या नंबरच्या खिडकीत ते मी सांगते. काही ऐकतात. पुष्कळ ऐकत नाहीत, भूक ऐकू देत नाही. टेम्पोवाले मला बघून थुंकतात. म्हणतात, आली सडक्या हाताची. एकानं गेल्या वर्षी धक्का दिला. मी उठले आणि दुसऱ्या टेम्पोकडं गेले.

मागच्या हंगामात एका टेम्पोतल्या अकरा जणी उतरल्या. हातमोजे आणा, मग चढतो, म्हणाल्या. मुकादम तासभर शिव्या देत होता. मग गेला आणि घेऊन आला. पातळ होते, दोन दिवसांत फाटले. तिसऱ्या दिवशी त्या परत उतरल्या.

काम करू नको असं मी म्हणत नाही, सुमे. मी कोण म्हणणार, तुझ्या चुलीत मी लाकडं घालत नाही. पण उघड्या हातानं मी तुला त्या टेम्पोत चढू देणार नाही. टेम्पोपुढं आडवी पडेन. तुझ्या बापालाही सांग. ज्यांना माझे हात बघवत नव्हते त्यांच्यासमोर मी ते रोज सकाळी वर धरून उभी राहणार आहे, मरेपर्यंत.

तू ये. डिपिंग सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत, त्याच्या आत ये. सातपूरहून बस आहे, तुझ्या पोराला घेऊन ये. दुपारी बाजारात विचार, भाजीवाली आत्या कुठं बसते, कुणीही दाखवेल. भाकरी खाऊन जा. जमलं तर मुक्कामालाच ये, म्हणजे सकाळी नाक्यावर दोघी जाऊ.